स्ट्रीमरला व्हॉल्व्हची आउटपुट स्टेज: आधी वीज आणि अर्थिंग, मग व्हॉल्व्ह

कोल्हापुरात आमचं रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या टेबलावर मर्फी आणि बुशचे व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचे, रेडिओ असायचे, माझ्या टेबलावर रास्पबेरी पाय (एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर) आणि डॅकचे (डिजिटलमधून आवाजाचा सिग्नल काढणाऱ्या चिपचे) बोर्ड असतात. असले स्ट्रीमर, म्हणजे नेटवरून गाणी वाजवणारे डबे, घेऊन येणाऱ्यांची मागणी बहुधा एकच असते: "आवाज स्वच्छ आहे, पण कोरडा वाटतो. एखादा व्हॉल्व्ह लावून द्या की." लावून देतो. पण त्याआधी गिऱ्हाइकाला जे समजावून सांगतो ते इथे सविस्तर लिहितोय, कारण ज्याला नीट सोल्डरिंग येतं आणि ज्याच्याकडे धीर आहे, त्याला हे काम घरी करता येतं. सोल्डरिंग नवीन असेल तर मात्र हा पहिला प्रोजेक्ट करू नका. यात २०० व्होल्ट डीसी आहे आणि तो माणूस मारू शकतो.

व्हॉल्व्हकडून अपेक्षा काय ठेवायची ते आधी ठरवू. लाइन लेव्हलला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच्या सिग्नलवर, बसवलेला व्हॉल्व्ह रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं काही आणून देत नाही. कमी बिटरेटचा इंटरनेट रेडिओ व्हॉल्व्हमधून गेला तरी कमी बिटरेटचाच राहतो. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डवरची खरखर त्याने जात नाही. ट्रायोडचं, म्हणजे प्लेट, ग्रिड आणि कॅथोड असे तीन भाग असलेल्या व्हॉल्व्हचं, वागणं पूर्ण सरळ रेषेत नसतं, त्यामुळे तो मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराचा, अगदी बारीक अंश मिसळतो. षड्जाबरोबर तार षड्जाची पुसटशी सावली. ती विसंवादी नसल्यामुळे कानाला खटकत नाही. गळा आणि तंतुवाद्यं जरा भरलेली वाटतात, इतकंच. हा अंश किती असावा हे व्हॉल्व्हपेक्षा सर्किट ठरवतं, आणि मी इथे देतोय त्या सर्किटमध्ये तो कमीच आहे. मुद्दाम कमी ठेवला आहे. तासन्‌तास ख्याल ऐकणाऱ्याला हा थोडाच पुरतो.

या कामात ज्याला पैसे आणि वेळ द्यायचा ती गोष्ट म्हणजे वीजपुरवठा. दुकानात जे नाराज होऊन येतात त्यांच्यापैकी बहुतेकांचा व्हॉल्व्ह ठणठणीत असतो. भुणभुण असते ट्रान्सफॉर्मरची, अर्थिंगची, एकाच अडॅप्टरवर चालवलेल्या रास्पबेरी पाय आणि फिलामेंटची. गेल्या पावसाळ्यात एक काका ऑनलाइन मागवलेला तयार डबा घेऊन आले होते. दिसायला देखणा, दोन व्हॉल्व्ह, बेसखाली नारिंगी एलईडी. आतमध्ये १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा ६जे१ व्हॉल्व्हचा छोटा बोर्ड होता. ६जे१ वाईट नाही, पण असल्या बोर्डांवर त्याच्या प्लेटला इतकं कमी व्होल्टेज मिळतं की तो धड श्वासच घेत नाही. एलईडीचा प्रकाश तर निव्वळ शोभेचा. त्यांच्यासाठी खाली दिलंय तेच सर्किट बांधलं.

स्ट्रीमर उघडायचा की वेगळा डबा करायचा

वेगळा डबा करा. विकतचा स्ट्रीमर असेल तर त्याची वॉरंटी शाबूत राहते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे २०० व्होल्ट आणि ३.३ व्होल्टची नाजूक चिप एकाच पेटीत दाटीवाटीने राहत नाहीत. बहुतेक स्ट्रीमरचं लाइन आउट पूर्ण आवाजाला २ व्होल्टच्या आसपास असतं. अ‍ॅम्प्लिफायरला तेवढं पुरतं. म्हणजे आपल्याला सिग्नल वाढवायचा नाही, तो आहे तसा व्हॉल्व्हमधून न्यायचा आहे. म्हणूनच मी कॅथोड फॉलोअर वापरतो. त्यात प्लेट थेट एचटीला, म्हणजे व्हॉल्व्हच्या २०० व्होल्टच्या पुरवठ्याला, जाते, सिग्नल ग्रिडवर येतो आणि कॅथोडवरून निघतो; गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो ते, एकपेक्षा थोडा कमी.

स्ट्रीमर स्वतःच बांधत असाल तर रास्पबेरी पाय ४ आणि पीसीएम५१०२ए चिपचा डॅक बोर्ड ही स्वस्त आणि भरवशाची जोडी. ही चिप २.१ व्होल्ट देते, आउटपुट शून्य व्होल्टभोवती असल्यामुळे तिच्या बाजूला कंडेन्सर लागत नाही. जोडणी सोपी आहे: पायच्या हेडरवरची १२ नंबरची पिन बीसीकेला, ३५ एलआरसीकेला, ४० डीआयएनला, २ नंबरवरून ५ व्होल्ट, ६ नंबरवरून ग्राउंड. बोर्डवरचा एससीके ग्राउंडला जोडायला विसरू नका. तो मोकळा राहिला की चिप गोंधळते आणि आवाज तुटक येतो किंवा येतच नाही. मूड ऑडिओ किंवा व्होल्युमिओ टाका आणि आय२एसच्या (पाय आणि डॅकमधल्या डिजिटल जोडणीच्या) यादीतून साधा हायफायबेरी डॅक निवडा. अ‍ॅम्प्लिफायरला व्हॉल्यूम असेल तर सॉफ्टवेअरमधला व्हॉल्यूम फिक्स्ड ठेवा. नेटची लॅन केबल पोचत असेल तर ती लावा आणि वाय-फाय, ब्लूटूथ दोन्ही बंद करा. व्हॉल्व्हचं ग्रिड हा चांगला अँटेना असतो.

पायला त्याचा स्वतःचा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर द्या. व्हॉल्व्हच्या डब्यातून त्याला काहीही देऊ नका. तसंच त्या अडॅप्टरवरून व्हॉल्व्हचं फिलामेंटही पेटवू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

व्हॉल्व्ह कोणता

ईसीसी८२, म्हणजेच १२एयू७. एका काचेत दोन ट्रायोड, एक डावीकडचा एक उजवीकडचा, म्हणजे अख्ख्या स्टिरिओला एक व्हॉल्व्ह पुरतो. स्लोव्हाकियाच्या जेजेचे नवे व्हॉल्व्ह मिळतात, गिटार अ‍ॅम्प्लिफायरचं सामान विकणारे ठेवतात. बंगळुरूच्या बीईएलचे जुने कुठे नव्यासारखे मिळाले तर जरूर घ्या. पण आजोबांच्या रेडिओतून काढलेला कुठलाही नऊ पिनांचा व्हॉल्व्ह इथे बसतो म्हणून लावू नका. त्या रेडिओंमध्ये ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४, ईझेड८० असायचे. बेस तोच, आतली रचना पूर्ण वेगळी. ईसीसी८३ च्या पिना जुळतात, पण त्याच्यातून या कामाला लागणारा करंट निघत नाही. आणि ईसीसी८८ किंवा ६९२२ लावायचा झाला तर फिलामेंटची जोडणी बदलावी लागते, कारण त्याची ९ नंबरची पिन फिलामेंटची नसून आतल्या पडद्याची असते. जुन्या महागड्या व्हॉल्व्हच्या मागे लागू नका. या सर्किटमध्ये त्यांच्यातला फरक शोधावा लागतो.

सर्किट

पिना बेसच्या खालच्या बाजूने बघून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायच्या. १ प्लेट, २ ग्रिड, ३ कॅथोड. दुसऱ्या ट्रायोडचे ६, ७, ८ त्याच क्रमाने. ४ आणि ५ एकमेकींना जोडल्या की ती फिलामेंटची एक बाजू, ९ ही दुसरी, आणि या दोन्हींमध्ये ६.३ व्होल्ट. या जोडणीत फिलामेंट ३०० मिलिअँपिअर घेतं.

एका चॅनेलचं सांगतो, दुसरं हुबेहूब तसंच. इनपुटच्या आरसीए सॉकेटपासून ०.१ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर. तिथून १ के (किलोओहम) रेझिस्टन्स, तो थेट ग्रिडच्या पिनेवर, पायांची लांबी शक्य तितकी कमी ठेवून. हा १ के ग्रिडवर येणारी रेडिओची आणि मोबाइलची खुरखुर अडवतो. तो पिनेपासून दोन इंच लांब लावला तर लावल्याचा काही उपयोग नाही. प्लेट सरळ एचटीला. कॅथोडपासून ४७० ओहम, त्याच्या खालच्या टोकापासून २२ के ३ वॅट ग्राउंडला. कंडेन्सर आणि १ के जिथे भेटतात तिथून १ मेग (मेगओहम) रेझिस्टन्स, आणि त्याचं दुसरं टोक ग्राउंडला न जाता ४७० आणि २२ के च्या सांध्याला. हा सांधा नीट लक्षात घ्या. त्याच्यामुळे ग्रिड साधारण ९५-१०० व्होल्टवर उभं राहतं आणि कॅथोड त्याच्या २ व्होल्ट वर. व्हॉल्व्हला स्वतःची बायस (ग्रिड आणि कॅथोडमधला हा फरक) आपोआप मिळते, करंट साडेचार-पाच मिलिअँपिअरवर स्थिरावतो.

आउटपुट कॅथोडवरूनच घ्यायचं: २.२ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर, मग १०० ओहम, मग आउटपुटचा आरसीए. कंडेन्सरच्या बाहेरच्या टोकापासून १०० के ग्राउंडला, म्हणजे कंडेन्सर चार्ज होऊन लटकत राहत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट १० के असला तरी २.२ मायक्रोफॅरडने खालची मर्यादा ७ हर्ट्झच्या आसपास येते. पखवाजाची थाप अडकत नाही. १० के पेक्षा कमी इनपुटच्या अ‍ॅम्प्लिफायरला हे सर्किट जोडू नका.

इनपुटच्या ०.१ मायक्रोफॅरड कंडेन्सरच्या बाबतीत कंजूसपणा नको. त्याच्या एका बाजूला तुमचा डॅक आहे, दुसऱ्या बाजूला शंभर व्होल्ट. तो लीक झाला तर डॅक गेला. नवा, चांगल्या कंपनीचा, ४०० किंवा ६३० व्होल्टचाच घ्या. जुन्या रेडिओतले तपकिरी कागदी कंडेन्सर दिसायला कितीही छान असले तरी इथे अजिबात नकोत.

वीजपुरवठा

ट्रान्सफॉर्मर बांधून घ्यावा लागतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी केली की वाइंडिंग करणारे सापडतात. बहुतेक तालुक्याच्या गावीही एखादा असतोच. त्याला कागदावर लिहून द्या: प्रायमरी ०-२३०, सेकंडरी ०-१६० व्होल्ट ५० मिलिअँपिअर, दुसरी सेकंडरी ०-६.३ व्होल्ट अर्धा अँपिअर. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पट्टीची स्क्रीन, तिची वायर वेगळी बाहेर. स्क्रीनचे थोडे जास्त पैसे सांगेल. द्या. लाइनवर मिक्सर, पंप, इन्व्हर्टर यांनी घातलेला कचरा ती बराचसा अर्थला नेऊन सोडते. वार्निश मुरवून, सुकवूनच हातात घ्या, नाहीतर पुढे पट्ट्या वाजतात आणि तो आवाज स्पीकरमधून न येता खोलीत येतो.

१६० व्होल्टवर चार यूएफ४००७ डायोडचा ब्रिज. मग ४७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्ट, २.२ के २ वॅट, पुन्हा ४७ मायक्रोफॅरड, पुन्हा २.२ के २ वॅट, शेवटी तिसरा ४७ मायक्रोफॅरड. चोक नाही, रेग्युलेटर नाही. दर टप्प्याला १०० हर्ट्झचं रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, साठ-पासष्ट पटीने खाली येतं, दोन टप्प्यांत चार हजार पटीच्या पुढे. कॅथोड फॉलोअर स्वतःही एचटीवरचं रिपल बरंच दाबतो. शेवटच्या कंडेन्सरवर १०० के २ वॅटचा रेझिस्टन्स कायमचा लावून टाका. स्विच बंद केल्यावर साठलेली वीज तो उतरवतो. हा डब्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे आणि तुमचा जीव त्याच्यावर आहे.

आता फिलामेंट. कॅथोड १०० व्होल्टवर आणि त्याच्या आतलं फिलामेंट शून्यावर असलं तर मधल्या पातळ इन्सुलेशनवर ताण येतो आणि ५० हर्ट्झची गळती कॅथोडमध्ये, म्हणजे थेट तुमच्या आउटपुटमध्ये उतरते. उपाय असा: एचटीवरून २२० के, पुढे १०० के ग्राउंडला, सांध्यावर ६० व्होल्टच्या आसपास मिळतात. सांध्यापासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड १६० व्होल्टचा कंडेन्सर. याच सांध्यावरून १०० ओहमचे दोन रेझिस्टन्स, एकेक फिलामेंटच्या दोन्ही वायरींना. बस. सगळं ६.३ व्होल्टचं वाइंडिंग साठ व्होल्टवर तरंगायला लागतं आणि भुणभुण खाली जाते. हे करायला फिलामेंटचा पुरवठा स्वतंत्र आणि तरंगता असावाच लागतो. पायच्या अडॅप्टरवरून फिलामेंट देऊ नका म्हणालो ते यासाठी. त्याचा निगेटिव्ह पायमार्फत सिग्नलच्या ग्राउंडला आधीच बांधलेला असतो.

फिलामेंटच्या दोन वायरी घट्ट पिळून, चासीच्या, म्हणजे डब्याच्या पत्र्याच्या, कोपऱ्याला चिकटवून न्यायच्या आणि बेसवर वरून उतरवायच्या. ग्रिडच्या वायरी त्यांच्यापासून लांब. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. पिनांवर व्होल्टेज मोजा: ५.७ ते ६.९ मध्ये असलं तर ठीक. आपल्याकडे रात्री लाइन २४५ च्या पुढेही जाते. वरच्या टोकाला असेल तर दोन्ही वायरींत ०.४७ ओहम १ वॅटचा एकेक रेझिस्टन्स टाका.

अर्थिंग आणि डबा

डबा पत्र्याचाच हवा. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही चालेल, लाकडाचा नको. मेन्सच्या वायरीतली हिरवी अर्थ सर्वांत आधी चासीला, स्वतंत्र बोल्टवर, रंग खरवडून, दातेरी वायसर घालून. त्या बोल्टवर आणखी कशाचाही भार नको. फक्त ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रीनची वायर शेजारी येऊ शकते. फेजमध्ये २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि त्यानंतर दोन्ही वायरी तोडणारा स्विच.

सिग्नलचं ग्राउंड एका ठिकाणी गोळा करा: तिसऱ्या एचटी कंडेन्सरच्या निगेटिव्हवर. इनपुट, आउटपुट, दोन्ही २२ के, फिलामेंटच्या साठ व्होल्टच्या सांध्याचा १०० के, सगळे तिथे. पहिल्या कंडेन्सरचा निगेटिव्ह आणि ब्रिजचा निगेटिव्ह मात्र आधी एकमेकांना जोडून मग एकाच वायरीने तिथे आणा, कारण ब्रिजचा ठोक्याठोक्याने येणारा चार्जिंग करंट सिग्नलच्या वाटेवर जायला नको. आरसीए सॉकेट चासीपासून अलग असलेले घ्या. मग हा ग्राउंडचा बिंदू चासीला एकाच जागी जोडा: १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स, त्याला समांतर उलटसुलट जोडलेले दोन जाड डायोड, किमान ६ अँपिअरचे. एरवी हे दहा ओहम लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरून बनणारं भुणभुणीचं वर्तुळ, तोडतात आणि आत कधी फेज सुटली तर डायोड सगळा करंट अर्थला नेतात.

एक विनवणी करतो. भुणभुण थांबते म्हणून प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. लोक काढतात, आणि त्यांना कुणीतरी तसं करायला सांगितलेलंही असतं. जुन्या वाड्यांमध्ये, चाळींमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं पण मागे अर्थची वायरच नसते. व्हॉल्व्हचा डबा लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या. तिथे आधी पैसे घाला.

पहिल्यांदा चालू करताना

सिरीज लॅम्प ठेवा. टीव्ही-रेडिओच्या दुकानात जो असतो तोच: ४० किंवा ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लाइनमध्ये सिरीजला. व्हॉल्व्ह न लावता, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्ट्रीमर दोन्ही लांब ठेवून स्विच टाका. बल्ब क्षणभर चमकून विझला तर पुढे जा. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा, ब्रिजचे डायोड आणि कंडेन्सरची दिशा तपासा.

मीटरची काळी क्लिप ग्राउंडला अडकवून ठेवा आणि लाल प्रोब एका हाताने लावा. दुसरा हात खिशात किंवा पाठीमागे. दोन्ही हात डब्यात असले तर करंट छातीतून जायला वाट मिळते. पायात चप्पल, आणि शेजारी लहान मूल नको. सिरीज लॅम्प काढल्यावर व्हॉल्व्हशिवाय एचटी २३० ते २६० दिसेल, ते बरोबर आहे. भार नाही म्हणून चढलंय. ग्राउंडपासून फिलामेंटच्या पिनांवर साठाहून जास्त व्होल्ट दिसले पाहिजेत. आता बंद करा आणि मीटर न काढता एचटी उतरताना बघा. अर्ध्या-पाऊण मिनिटात ते वीसच्या खाली यायला हवं. आलं नाही तर तो १०० के तपासल्याशिवाय आत हात घालू नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून डिस्चार्ज करायची सवय वाईट; त्यासाठी १० के ५ वॅटच्या रेझिस्टन्सला क्लिपा लावून ठेवा.

मग व्हॉल्व्ह बसवा. पिना सरळ आहेत ना ते बघून, डोलवत न ढकलता सरळ खाली दाबून. मीटर कॅथोडवर, म्हणजे ३ नंबरच्या पिनेवर लावा आणि स्विच टाका. फिलामेंट आधी मंद तांबूस होतं. आठ-दहा सेकंद मीटर शून्याजवळच घुटमळतो. मग आकडा हलतो, पाच, बारा, तीस, आणि बघता बघता नव्वदीत जाऊन स्थिरावतो. ९० ते ११० मध्ये कुठेही थांबला तरी चालतं. ८ नंबरवर तसंच बघा. दोन्हींत पाच-सात व्होल्टचा फरक असला तर काळजी नको. ४७० ओहमच्या दोन टोकांत २ व्होल्टच्या आसपास असायला हवेत. एचटी आता १८० ते २१० मध्ये येईल. कॅथोडवर काहीच नसेल तर फिलामेंट पेटलंय का बघा. कॅथोड भलतंच वर असेल तर १ मेगचं टोक चुकीच्या जागी गेलंय.

शेवटी आउटपुटच्या आरसीएवर डीसी मोजा. मिनिटभरात तो शून्याजवळ, काही मिलिव्होल्टवर यायला हवा. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर २.२ मायक्रोफॅरड लीक आहे. अ‍ॅम्प्लिफायर जोडू नका.

चालू होताना कॅथोड शंभर व्होल्ट चढतो आणि तो धक्का कंडेन्सरमधून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचतो. म्हणून १०० ओहमनंतर दोन्ही आउटपुट ग्राउंडला शॉर्ट करणारा डीपीडीटी टॉगल स्विच लावा. तो म्यूटवर ठेवून डबा चालू करायचा, मिनिटभर थांबायचं, मग सोडायचा. बंद करतानाही आधी म्यूट, मग पॉवर. टायमरवाला रिले लावलात तर घरातल्या इतरांना हा क्रम शिकवावा लागत नाही. घरात आईवडील किंवा मुलंही गाणी लावत असतील तर रिलेच लावा.

भुणभुण आली तर

कानाने ओळखायची. खालची, गोल घुंघुं ५० हर्ट्झची. तिचंच वरचं सप्तक आणि थोडी खरखरीत म्हणजे १०० हर्ट्झची. १०० हर्ट्झची आली तर एचटीचं फिल्टर किंवा ब्रिजच्या निगेटिव्हची वाट बघा. ५० ची असेल तर इनपुटची केबल काढा आणि इनपुट शॉर्ट करून ऐका. गेली तर लूप बाहेर आहे, स्ट्रीमर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये. तिन्ही उपकरणं एकाच बोर्डवर लावा. तरीही राहिली तर डॅक आणि डब्याच्या मध्ये चांगला १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. इनपुट शॉर्ट करूनही राहिली तर फिलामेंटच्या वायरी, किंवा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हच्या फार जवळ. डबा बंद करायच्या आधी ट्रान्सफॉर्मर हातात धरून फिरवून बघावा लागतो. एका कोनात भुणभुण जवळजवळ नाहीशी होते. तोच कोन ठेवून बोल्ट मारा. हे करताना ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनल्सवर इन्सुलेशन हवं.

आणि चिवचिव, टिकटिक, गाणं बदलताना वाढणारी कुजबुज असेल तर ती पायची आहे. डॅकचा बोर्ड आणि पाय यांच्यामधल्या वायरी बोटभरापेक्षा लांब असतील तर कमी करा, अडॅप्टर बदला.

ऐकताना

हे सर्किट सिग्नल पाऊण डेसिबलच्या आसपास कमी करतं. तेवढा फरक 'आवाज कमी झाला' म्हणून कळत नाही, पण मोठं वाजणारं नेहमी जास्त जिवंत वाटतं. म्हणून तुलना करायची असेल तर १ किलोहर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही वाटा सारख्या करूनच ऐका. अ‍ॅम्प्लिफायरच्या एका इनपुटवर थेट डॅक, दुसऱ्यावर व्हॉल्व्हमार्फत, आणि बटण दुसऱ्याच्या हातात. काय लावायचं? तानपुरा. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात वरचे स्वर एकमेकांत मिसळत राहतात, आणि फरक असेल तर तिथे पहिल्यांदा कळतो. मग एखादा भरदार पुरुषी आवाज, मग हार्मोनियम. तबल्याच्या चाटीवर धार बोथट वाटली तर व्हॉल्व्हला दोष देण्याआधी केबल किती लांब आहे ते बघा; या सर्किटचा आउटपुट इंपिडन्स सहाशे ओहमच्या घरात आहे, मीटर-दीड मीटरची साधी शील्डेड केबल त्याला पुरते, सात-आठ मीटरची स्वस्त केबल नको.

याहून जास्त रंग हवा असेल तर कॉमन कॅथोड स्टेज आहे. पण तिचा गेन ईसीसी८२ वर बारा-चौदा पट येतो, म्हणजे डॅकचे दोन व्होल्ट आधी दहापट खाली आणायचे आणि मग पुन्हा चढवायचे. मला ते पटत नाही. व्हॉल्व्हच्या गेनला खरं काम मिळतं ते करंट आउटपुटच्या चिपनंतर, फिलिप्सची जुनी टीडीए१५४१ए किंवा पीसीएम१७९४ए सारख्या. तिथे चिपमधून काही मिलिअँपिअरचा सिग्नल निघतो, छोट्या रेझिस्टन्सवर त्याचे मिलिव्होल्ट करायचे आणि ते व्हॉल्व्हने लाइन लेव्हलला न्यायचे. हे पुढचं काम. आधी हा डबा शांत वाजू द्या.

एकदा शांत झाला की त्याची देखभाल फार नसते. ईसीसी८२ हजारो तास चालतो. डब्याच्या वरच्या पत्र्याला भोकं ठेवा आणि त्याच्यावर दुसरं उपकरण रचू नका. कोकणात, किंवा आमच्याकडेही पावसाळ्यात, बेसच्या क्लिपा काळ्या पडतात आणि कुरकुर सुरू होते. पॉवर काढून, एचटी उतरल्याचं मीटरने बघून, व्हॉल्व्ह दोन-चारदा काढून-घालून पिना पुसल्या की ती बहुधा जाते. एक चॅनेल हळूहळू बसला तर कॅथोडवर मोजा: ३ आणि ८ मध्ये वीसेक व्होल्टचा फरक पडला असेल तर व्हॉल्व्ह बदलायची वेळ झाली. नवा लावल्यावर वरची सगळी मोजमापं पुन्हा एकदा घ्या आणि ती डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा, तारखेसह.